वळिवड्याच्या कॅम्पवर कादंबरी लिहिली, तो अनुभव

गेल्या महिन्यात कादंबरीचा शेवटचा ड्राफ्ट पाठवून दिला आणि त्या रात्री मला झोपच लागली नाही, कारण पाच वर्षं रोज रात्री जेवणं आवरली की मी ज्या दोघींकडे जात होते त्यांच्याकडे आता जायचं नव्हतं. एक हालिना आणि एक सोनाबाई. दोघी माझ्या मनातल्या, खऱ्या कुणी नाहीत, पण दोघींच्या भोवतीचं सगळं खरं आहे आणि ते खरं ठेवायलाच एवढी वर्षं गेली. ओळखीतल्या दोघीतिघींनी विचारलं की हे कसं केलंस, म्हणून जमेल तसं लिहिते.

माझं माहेर कोल्हापूरजवळ. लग्नसराई आली की आईबरोबर गांधीनगरला कापड घ्यायला जायचो, ते आमच्याकडचं मोठं मार्केट. एकदा दुकानातून बाहेर पडताना आई सहज म्हणाली, इथं आधी पोलंडच्या बायका राहायच्या, माझी आई सांगायची. मी तेव्हा नववीत असेन, ऐकलं आणि विसरले. मग खूप वर्षांनी कोल्हापूरच्या महावीर गार्डनमधला पोलिश निर्वासितांचा स्मृतिस्तंभ नीट थांबून बघितला आणि घरी येऊन वाचायला बसले ते बसलेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९४३ ते १९४८ वळिवड्याला, म्हणजे आज गांधीनगर आहे तिथं, पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. बराकी, चर्च, शाळा, दवाखाना, नाटकासाठी स्टेज, सगळं तिथं होतं. पण या बायका कोल्हापूरला कशा पोचल्या हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. १९३९ ला जर्मनी आणि रशियाने पोलंड दोन्ही बाजूंनी तोडला, पूर्वेचा भाग सोव्हिएत रशियाने घेतला आणि १९४० च्या फेब्रुवारीपासून तिथल्या कुटुंबांना मालगाडीच्या डब्यात घालून सैबेरियाला, कझाकस्तानला पाठवायला सुरुवात झाली. जर्मनीने रशियावर हल्ला केला म्हणून १९४१ च्या जुलैमध्ये रशियाचा लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारशी करार झाला, लोकांना सोडलं, मग ही माणसं हजारो किलोमीटर दक्षिणेला आली, १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरावर उतरली. तिथं उवा आणि टायफस म्हणून कपडे जाळले, डोक्यावरचे केस काढले. तिथून कराची, कराचीहून कोल्हापूर. आणि एवढं सगळं बहुतेक ठिकाणी बाईच्या जिवावर, कारण पुरुष एकतर मेलेला, नाहीतर कैदेत, नाहीतर जनरल अँडर्सच्या पोलिश फौजेत.

पहिल्या वर्षी मी फक्त वाचत होते आणि नोट्स काढत होते, आणि वाटत होतं की माझं काम चाललंय. खरं तर ती लिहायची भीती होती. वाचन कधीच पुरं होत नाही. शेवटी एक दिवस वही घेतली, मधोमध रेघ मारली, डावीकडे जगात काय कधी घडलं आणि उजवीकडे हालिनाला ते कधी कळलं. जर कुणी असं काही लिहायला घेत असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे, ही वही पहिल्या दिवशीच करा. कारण त्या वहीमुळे माझी साठ पानं गेली.

त्याचं असं झालं. हालिना पूर्व पोलंडमधल्या ल्वूफ शहरातली शिक्षिका, नवरा राखीव दलातला अधिकारी, १९३९ ला रशियनांच्या हाती लागला, स्टारोबेल्स्कच्या कैद्यांच्या छावणीत. सुरुवातीला त्याची पत्रं येतात. १९४० च्या वसंतात पत्रं बंद होतात. आणि एप्रिलमध्ये तिला दोन मुलांसकट उचलतात, कारण कैद्यांनी पत्रं ज्या पत्त्यावर पाठवली त्याच पत्त्यांवरून कुटुंबांच्या याद्या केल्या गेल्या. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले. म्हणजे ज्या पत्राची ती वाट बघत होती त्याच पत्राने तिचं घर दाखवलं.

मग एप्रिल १९४३ ला जर्मनांनी जाहीर केलं की रशियातल्या कातिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची प्रेतं सापडली. मी पहिल्या ड्राफ्टमध्ये काय केलं होतं, की वळिवड्याच्या बराकीत तिला यादी मिळते, यादीत नवऱ्याचं नाव असतं, आणि ती व्हरांड्यातल्या खांबाला धरून खाली बसते. फार जीव ओतून लिहिलं होतं ते. पण वहीत उजवी बाजू भरायला बसले तर लक्षात आलं की कातिनला सापडले ते वेगळ्या छावणीतले, स्टारोबेल्स्कच्या लोकांना रशियनांनी खारकीवला मारलं, आणि ते उघडपणे कबूल व्हायला १९९० उजाडलं. म्हणजे हालिनाला यादी मिळते पण त्यात नाव नसतं. आणि नाव नसणं म्हणजे काय, जिवंत आहे? कुठे आहे? ही बाई १९४८ ला मुंबईहून बोटीत बसते तेव्हाही तिला माहीत नाही की आपण विधवा आहोत का नाही. मला माहीत आहे, वाचणाऱ्याला माहीत आहे, तिला नाही. साठ पानं फाडली, आणि कादंबरी तिथून खरी सुरू झाली असं मी म्हणेन.

सोनाबाईचं वेगळंच झालं. तिचा नवरा बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झालेला आणि इटलीत गेलेला. ११ मे १९४४ च्या रात्री आठव्या भारतीय डिव्हिजनने कॅसिनोजवळची गारी नदी ओलांडायला घेतली, त्यात आपले मराठे होते. आणि आठवड्याने, १८ मेला, वरच्या डोंगरावरचा मॉन्टे कॅसिनोचा मठ पोलिश सैनिकांनी घेतला, त्यात माझ्या हालिनाचा भाऊ. म्हणजे वळिवड्यात एक बाई आणि पलीकडच्या गावात दुसरी बाई, दोघींचं माणूस एकाच लढाईत, आणि दोघी पोस्टमनकडे बघतायत. हे सुचलं तेव्हा मला वाटलं कादंबरी मिळाली. पण लिहिताना सोनाबाई नुसती दारात उभी. पान उलटलं की दारात उभी, डोळ्याला पदर.

ती पानं मी आईला वाचून दाखवली. आई निवडत होती काहीतरी, तांदूळ का काय, मान वर न करता म्हणाली, "दारात उभं राहायला वेळ कुणाला होता गं? माझ्या आईला तर दार कुठल्या दिशेला आहे ते बघायची फुरसत नव्हती." बस. एवढंच बोलली.

त्यानंतर मी सोनाबाईला काम दिलं. नवऱ्याकडून घरी येणारी मनीऑर्डर सासरा घेतो की ती घेते, अंगठा कुणाचा, रॉकेल मिळत नाही तर करंजेलाचा दिवा, कंट्रोलचं कापड, ऊस लावायचा का नाही हे दिराशी भांडून ठरवणं. तिचं माहेर मी वाळव्याकडचं केलं. वाळवा तेव्हा सातारा जिल्ह्यात, आणि तो काळ तिथल्या प्रतिसरकारचा, क्रांतिसिंह नाना पाटलांचा, आणि तिचा धाकटा भाऊ भूमिगत. नवरा इंग्रजांच्या फौजेत आणि भाऊ इंग्रजांविरुद्ध, आणि भाकऱ्या दोघांसाठी थापायच्या, एक पार्सल सातासमुद्रापार जाणार नाही म्हणून फक्त आठवणीत, आणि दुसरं फडक्यात बांधून उसाच्या फडात. आता ती दारात उभी राहीना. मला तिला शोधत शेतात जावं लागायला लागलं.

वळिवड्याला मी चारपाच वेळा गेले असेन. एका वेळी एक आजी भेटल्या, नव्वदीच्या पुढच्या, लहानपणी वडिलांबरोबर कॅम्पात दूध घालायला जायच्या. नातसुनेने सांगितलं की आजींना आता फारसं आठवत नाही, तुम्ही उगाच आलात. मी आपली चहा पीत बसले. थोड्या वेळाने आजींनी माझ्या हातावर हात ठेवला आणि स्पष्ट म्हणाल्या, "जेन दोब्री." पोलिशमध्ये नमस्कार. नातसून थक्क, तिने ते कधी ऐकलंच नव्हतं. मग आजी बोलत राहिल्या, की त्या बायका व्हरांड्यात टेबल काढून मुलांचं शिकणं घ्यायच्या, दारापुढे फुलं लावायच्या, मापात दूध कमी पडलं की भांडायच्या पण पैसे कधी बुडवले नाहीत. आणि एक बाई रोज दूध घेताना आजींच्या केसांवरून हात फिरवायची, बोलायची काही नाही. ती का फिरवायची ते आजींनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तो हात मात्र कादंबरीत आलाय.

युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरींचा कॉमनवेल्थ देशांचा एक ऑनलाइन रेकॉर्ड आहे. त्यात मराठा रेजिमेंट टाकून मी रात्र रात्र नावं बघायचे. शिपायाचं नाव, तारीख, आणि खाली एक ओळ, अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, राहणार अमुक, कोल्हापूर किंवा सातारा. बायकोचं नाव आहे त्यात! गावात जिला आयुष्यभर कुणाची तरी सून आणि कुणाची तरी आई म्हणून हाक मारली तिचं स्वतःचं नाव इटलीतल्या कबरीच्या नोंदीत. बऱ्याच नावांचं स्पेलिंग चुकलेलं, तरी वाचलं की कळतं, ही हौसाबाई, ही गंगूबाई. मी ती नावं एका कागदावर मोठ्याने वाचत उतरवली. कादंबरीत ती यादी घातली नाही, तो कागद टेबलासमोर चिकटवला होता एवढंच.

भाषेसाठी फार डोकं लावावं लागलं. हालिना मनात विचार करते तो पोलिशमध्ये, म्हणजे मराठीत तो साधा, सरळ, शिकलेल्या बाईचा असायला हवा, मोडकंतोडकं मराठी फक्त ती सोनाबाईशी बोलते तेव्हा. आणि सोनाबाई आमच्याकडची, ती "मी आलो, मी गेलो, बघतो की" असंच म्हणणार, आमच्याकडे बायका असंच बोलतात. मुद्रितशोधनातून फाइल परत आली तर सगळीकडे "आले, गेले, बघते" करून ठेवलेलं. साडेतीनशे पानांत एकेक शोधून मी परत बसवलं, तीन आठवडे गेले, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही, कारण ती बाई "मी गेले" म्हणाली असती तर ती सोनाबाई राहिली नसती.

त्याच्या आधी एका प्रकाशकांनी कादंबरी घ्यायची तयारी दाखवली होती, अट एवढीच की एका पोलिश मुलीचं आणि गावातल्या मुलाचं प्रेमप्रकरण घाला आणि १९४५ ला संपवा, युद्ध संपलं की गोष्ट संपली. मी नाही म्हटलं. तेव्हा पैशाची गरज होती तरी नाही म्हटलं. कारण युद्ध संपलं तेव्हाच तर या बायकांचं घर गेलं. १९४५ ला याल्टामध्ये ठरलं की पूर्व पोलंड रशियाकडेच राहणार, ल्वूफ आता पोलंड राहिलं नाही, आज ते युक्रेनमध्ये आहे. जुलै १९४५ ला ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढली, म्हणजे ज्या सरकारच्या भरवशावर त्या वळिवड्यात होत्या तेच राहिलं नाही. मग पुढची तीन वर्षं एकच प्रश्न, परत जायचं का, आणि कुठे. बराकीबराकीत बायका बसून बोलायच्या, मुलांना विचारायच्या, फॉर्म भरायच्या, परत फाडायच्या. कुणी इंग्लंडला गेल्या, कुणी ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कुणी पोलंडलाच, थोड्या इथंच राहिल्या. माझ्या हिशोबाने कादंबरीचा तो सगळ्यात धाडसी भाग आहे, कारण बंदूक नाही, बर्फ नाही, फक्त एक फॉर्म आणि त्यावर "कुठे जाणार" हा रकाना. हालिना तो रकाना आठ पानं भरत नाही. ती आठ पानं मी अकरा वेळा लिहिली.

आणि सोनाबाईच्या बाजूला पेन्शनचे कागद. गावातल्या लोकांना स्वातंत्र्य मिळालं याचा आनंद, भाऊ आता उजळ माथ्याने फिरतोय, हार घालून मिरवणूक निघते, आणि नवरा मेला तो इंग्रजांसाठी, तर त्याचं नाव मिरवणुकीत कुणी घ्यायचं. ती घेते. मोठ्याने नाही, पण घेते.

परवा परत गांधीनगरला जाऊन आले. एका गल्लीत कापडाच्या दुकानामागे अजून एक जुनी बराक आहे असं कुणी सांगितलं होतं, उतरतं कौलारू छप्पर, पुढे व्हरांडा, व्हरांड्यात साड्यांचे गठ्ठे. दुकानदार म्हणाले, आमची आजी फाळणीनंतर सिंधमधून आली तेव्हा ही खोली मिळाली, आत चूल आधीच बांधलेली होती, पहिल्या दिवशी तिने तीच पेटवली. आजी आता नाहीत, पण त्यांची धाकटी बहीण उल्हासनगरला असते, सगळं आठवतं म्हणे. रविवारी दुपारी चारनंतर या म्हणाल्यात. नवी वही घेतलीये, मधोमध रेघ मारून ठेवली आहे.