आमची वाटचाल : प्रेसवरची माणसं आणि महिनाअखेर

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या भाड्याच्या शेडमध्ये एका पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून-कापून भाग बनवणाऱ्या यंत्रावर, आम्ही सुरुवात केली. ट्रॅक्टरला लागणारे ब्रॅकेट, वॉशर, पत्र्याचे लहान भाग. पुढे प्रेस वाढले, शेड स्वतःची झाली, दुसरी पाळी आली. सांगावंसं वाटतं ते मात्र माणसांबद्दल.

आमचं रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वाढायचं. पत्रा तोच, डाय (भागाला आकार देणारा साचा) तीच, ऑपरेटरही तेच. पण त्या दिवसांत ग्राहकाचं शेड्यूल रोज बदलायचं आणि आज थांबावं लागणार हे ऑपरेटरला पाळी सुटताना कळायचं. कुणाच्या आईचं औषध न्यायचं असायचं, कुणाला पोरीला शिकवणीहून आणायचं असायचं. हात प्रेसवर, जीव घरी. प्रेसला दोन्ही हातांनी बटणं दाबावी लागतात, बोटं वाचावीत म्हणून. तरी घाईत एक बटण चिकटपट्टीनं बांधून काम ओढण्याची खोड या धंद्यात आहे. असा माणूस बेफिकीर असतो हे मला मान्य नाही. आकडा गाठायचा ताण त्याला तिथवर नेतो.

रॉबर्ट कॅरासेक या अभ्यासकानं 1979 मध्ये मांडलं होतं की, कामाचा रेटा मोठा आणि त्यावर स्वतःचा ताबा कमी, तिथे ताण सर्वांत जास्त. आमच्या शेडमध्ये मी हेच पाहिलं. ऑर्डरचा रेटा कमी करणं आमच्या हातात नव्हतं, ताबा देणं होतं. आता उद्याचं काम आणि जादा तास आदल्या दुपारीच फळ्यावर लिहितो. थांबायचं की नाही ते ऑपरेटर ठरवतो. थांबला तर दुप्पट मजुरी. 1948 च्या कारखाने कायद्यापासून तो त्याचा हक्कच आहे. डायचा आवाज बदलला किंवा भागाच्या कडेला बर (पत्र्याची खरखरीत धार) येऊ लागली, तर प्रेस बंद करायला कुणाला विचारावं लागत नाही.

मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. टिनाच्या घरात रात्रभर तळमळलेला माणूस सकाळी प्रेसवर उभा राहतो, त्याच्याकडून दुपारी जाड पत्र्याचं काम घेणं मला पटत नाही. म्हणून उन्हाळ्यात पहिली पाळी 6 वाजता लागते, जड काम 11 च्या आत उरकतं, मग ताक.

रिवर्कचा, म्हणजे पुन्हा दुरुस्त कराव्या लागणाऱ्या भागांचा, ढीग आता महिनाअखेरीसही वाढत नाही. जुने ऑपरेटर टिकून आहेत. पाळ्यांची आपसात अदलाबदल करू द्या, ही त्यांची मागणी होती. पुढच्या महिन्यापासून ती सुरू करतोय.