पडलेलं पीस उचलायचं नाही

मक्याची कापणी झाली की इथली शेतं एकदम उघडी पडतात. अमेरिकेतल्या मेरीलंड राज्याचा हा पूर्व किनारा तळहातासारखा सपाट आहे. टेकडी नाही, चढ नाही. नुसते मक्याचे खुंट आणि त्यांच्यावरून लांबवर गेलेल्या विजेच्या तारा. गेल्या ऑक्टोबरात अशाच एका शेताच्या कडेने चालताना मला एक पीस सापडलं. विटकरी रंगाचं, टोकाजवळ रुंद काळा पट्टा आणि अगदी शेवटी पांढरी किनार. वाकून उचललं आणि कोटाच्या खिशात घालणार, तेवढ्यात सोबतचे काका म्हणाले, "होतं तिथे ठेव ते."

काका म्हणजे आमचे शेजारी. या भागात लहानांनी मोठ्यांना 'मिस्टर' लावून पहिल्या नावाने हाक मारायची पद्धत आहे आणि मीही तशीच मारते, पण मनात ते पहिल्या दिवसापासून काकाच आहेत. चाळीसेक वर्षं ते लाकडाचे पक्षी कोरतात.

पीस का ठेवायचं, हे त्यांनी परतीच्या वाटेवर सांगितलं. अमेरिकेत १९१८ पासून स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा आहे. पक्षी मारणं, पकडणं दूरच, त्याचं अंडं किंवा गळून पडलेलं पीससुद्धा परवान्याशिवाय जवळ बाळगता येत नाही. ससाणे, गरुड, घुबडं या शिकारी पक्ष्यांना हे कवच मिळायला १९७२ साल उजाडलं. पडलेलं पीस उचलण्यात कसला आलाय गुन्हा, असं मलाही वाटलं होतं. पण पीस आपोआप गळलं की पक्षी मारून उपटलं, हे पिसाकडे बघून सांगता येत नाही. म्हणून सगळीच पिसं जिथल्या तिथे.

"मग हवंसं वाटलं तर काय करायचं?" मी विचारलं.

"बघायचं. नीट बघायचं. आणि घरी जाऊन लाकडातून काढायचं."

ते पीस अमेरिकन केस्ट्रेलचं होतं, नराच्या शेपटीचं. उत्तर अमेरिकेतला हा सगळ्यात लहान ससाणा. वजन जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम. आपल्याकडे हिवाळ्यात माळरानावर हवेत एका जागी फडफडत थांबणारी खरुची ज्यांनी पाहिली असेल, त्यांना ओळख पटेल. नराची पाठ विटकरी, पंख निळसर राखाडी, गालावर दोन उभ्या काळ्या रेघा. मानेमागे दोन काळे ठिपके असतात, पाठमोरा असतानाही तो आपल्याकडे बघतोय असं वाटावं असे.

इथे ही कला कशी रुजली, तेही सांगायला हवं. पाऊण तासाच्या अंतरावर क्रिसफील्ड नावाचं खाडीकाठचं गाव आहे. तिथे लेम आणि स्टीव्ह वॉर्ड हे दोन भाऊ न्हाव्याचं दुकान चालवायचे आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा लाकडाची बदकं कोरायचे. अशी बदकं पाण्यावर तरंगत ठेवली की वरून जाणारा खरा थवा फसून खाली उतरतो. पूर्वी इथे पिंपंच्या पिंपं भरून बदकं मारली जात आणि मोठ्या शहरांत विकली जात. १९१८ च्या कायद्याने ही विक्री बंद झाली. हौसेची शिकार उरली, आणि पुढे लाकडी बदकं तलावातून हळूहळू घरातल्या फडताळावर आली. वॉर्ड बंधूंची बदकं मान वळवून बघतात, चोच पिसांत खुपसून झोपतात. ज्या कायद्याने माझ्या हातातलं पीस काढून घेतलं, त्याच कायद्याचा या कलेलाही हातभार लागला, हे मला फार मोलाचं वाटतं.

नोव्हेंबरात काकांनी मला बासवुडचा ठोकळा दिला. फिकट, मऊ, जवळजवळ गाठी नसलेलं लाकूड. चाकू लोण्यात फिरल्यासारखा फिरतो. दलदलीत वाढणारं ट्युपेलोही इथे वापरतात, पण ते यंत्राने कोरणाऱ्यांचं लाकूड. मला चाकूच हवा होता. बाजूने आणि वरून अशा दोन आकृत्या ठोकळ्यावर काढल्या, बँड सॉवर, म्हणजे पट्टीच्या यंत्रकरवतीवर, बाहेरचं लाकूड उडवलं आणि हातात एक ओबडधोबड बटाटा आला. त्यातून ससाणा निघणार आहे यावर विश्वास ठेवणं, हे पहिल्या महिन्यातलं मुख्य काम होतं.

पहिली मोठी चूक चोचीची. माझा पक्षी डावीकडे मान वळवून बघणार होता आणि मी डोकं-धड एकाच ठोकळ्यातून काढलं. धडाला लाकडाचे रेषे उभे लांबीत होते, त्यामुळे वळलेल्या चोचीला ते आडवे आले. ससाण्याच्या वरच्या चोचीला कडेला एक बारीक दात असतो. भक्ष्याची मान मोडायला तो लागतो आणि ससाणा ओळखायची ती खूणही आहे. तो दात कोरताना चोचीचं टोक निघून हातात आलं. काकांनी डोकं बघितलं, मानेपाशी पेन्सिलने रेघ मारली आणि करवत माझ्या हातात दिली. दीड महिन्याचं काम मी स्वतः कापून वेगळं केलं. नवीन डोकं दुसऱ्या तुकड्यातून काढलं, रेषे चोचीच्या दिशेने ठेवून. मग ते पाहिजे तेवढं वळवून चिकटवलं. सांधा पिसांखाली असा लपला की आता मलाही सापडत नाही.

पीस हातात घेता येत नाही आणि फोटोतला पक्षी सपाट असतो. म्हणून काका मला एका निसर्ग केंद्रात घेऊन गेले. पंख मोडलेला, पुन्हा उडू न शकणारा एक केस्ट्रेल तिथे परवाना घेऊन सांभाळलाय. कर्मचारी मुलीच्या हातमोज्यावर तो बसला होता. मी दोन फुटांवरून तासभर बघत राहिले. सुरुवातीला तो घाबरून चिंचोळा झाला होता, पिसं अंगाला चिकटलेली. दहा मिनिटांनी त्याने एक पाय पोटात ओढून घेतला आणि अख्खा पक्षी फुगला. पोटाची पिसं बोटांवर आली, खांद्याची पिसं पंखाच्या कडेवर ओघळली. पंख संपून पाठ कुठे सुरू होते, ते दिसेना. माझ्या ठोकळ्यावर पंख मात्र वेगळ्या पाटीसारखा उठून दिसत होता. घरी येऊन मी ती सगळी कड तासून काढली.

त्यानंतर पिसं कोरायची घाई मी कधी केली नाही. आधी पिसांचे समूह: छाती, खांदे, पंखावरची आच्छादनं, उड्डाणाची लांब पिसं. प्रत्येक समूहाला उंचवटा आणि त्यांच्यामध्ये उथळ दरी. हे नुसत्या सँडपेपरने घासून आणायचं, दिव्याच्या तिरप्या उजेडात. मग पेन्सिलने एकेक पीस आखायचं. आणि मग बर्नर. हे पेनसारखं हत्यार, टोकाला तापणारी पातळ पाती. आधी पिसाचा मधला दांडा, मग त्याच्या दोन्ही बाजूंना बाकदार रेघा, इतक्या जवळ की एका इंचात साठ-सत्तर मावतात. रेघ सरळ आली की पीस मेलं. पाती जास्त तापली की लाकूड काळं पडतं, कमी तापली की रेघ फाटते. एका संध्याकाळी माझी दहा-बारा पिसं व्हायची. जळक्या लाकडाचा तो गोडसर वास जानेवारीभर माझ्या केसांना होता.

डोळे काचेचे असतात. गरुड किंवा बाज डोळ्यासमोर आणला की आपल्याला पिवळा, रागीट डोळा आठवतो. ससाण्याचा डोळा गडद तपकिरी, जवळजवळ काळा असतो, भोवती पिवळी कडी. खोबणीत एपॉक्सी पुट्टी भरून डोळा दाबून बसवायचा. मग पुट्टीचीच दोऱ्याइतकी बारीक वळी करून वरची-खालची पापणी सुईने घडवायची. एक डोळा दुसऱ्यापेक्षा केसभर वर गेला होता. समोरून कळत नव्हतं. काकांनी पक्षी आरशापुढे धरला, आणि मला तो फरक लगेच दिसला. मी पुट्टी ओली असतानाच डोळा खाली सरकवला. पाय तांब्याच्या तारेचे, वर पुट्टीचे खवले.

रंगाआधी गेसोचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, पांढरा थर लागतो, आणि तिथे मी दुसऱ्यांदा घसरले. पहिला हात जाड लागला आणि डाव्या खांद्यावरच्या बारीक रेघा बुजल्या. ओल्या टूथब्रशने जेवढा निघाला तेवढा काढला. उरलेल्या रेघा पुन्हा जाळल्या. नंतरचे थर दुधापेक्षा पातळ केले. ॲक्रिलिकचंही तसंच. विटकरी पाठीवर पंधरा-सोळा पातळ हात बसलेत, दर वेळी हेअर ड्रायरने वाळवून. शुद्ध काळा ट्यूबमधून घ्यायचाच नाही. गडद तपकिरी आणि अल्ट्रामरीन निळा मिसळला की जो काळा येतो, त्यात पिसाची ऊब असते. पांढऱ्यातही तपकिरीचा थेंब हवाच. शेवटी सगळं अंग निस्तेज ठेवायचं, चमक फक्त डोळे, चोच आणि नख्यांना. मानेमागचे ते दोन ठिपके मी सगळ्यात शेवटी रंगवले. त्या रात्री पक्षी टेबलावर पाठमोरा ठेवून झोपायला गेले.

मधे फेब्रुवारीत आम्ही आणखी एक काम केलं. केस्ट्रेल स्वतः घरटं बांधत नाहीत. सुतारपक्ष्याने सोडलेली ढोली शोधतात. इथे जुनी झाडं कमी होत चालली आहेत आणि केस्ट्रेलही. म्हणून लोक शेताच्या कडेला खांबावर लाकडी पेट्या लावतात, तीन इंचांचं भोक ठेवून. पक्षी काडी-गवत आणत नसल्यामुळे तळाशी लाकडाचा कीस पसरावा लागतो. काकांनी विचारलं, "तुझ्याकडे असेल ना?" होता. नोव्हेंबरपासून चाकूने निघालेला बासवुडचा सगळा कीस मी कागदी पिशवीत साठवला होता, का ते मलाही सांगता आलं नसतं. तो पेटीत पसरला.

एप्रिलमध्ये पेटीवर जोडी आली. आता मादी दिवसदिवस आत असते आणि नर तारेवर. काल मी दुर्बीण घेऊन बराच वेळ उभी होते. तारेवर उतरला की त्याची शेपटी दोन-तीनदा खाली-वर होते आणि मग स्थिर राहते, पाठीच्या रेषेपेक्षा किंचित खाली. माझ्या पक्ष्याची शेपटी मी पाठीच्या रेषेत सरळ ठेवलीय.

दुसरा ठोकळा कापून झालाय. या वेळी मादी आहे. पाठ आणि पंख दोन्ही विटकरी, त्यावर काळे आडवे पट्टे. शेपटीची आकृती कालच खोडून पुन्हा काढली.