दोघांचाही पापा खारटच

थोरलीचा पापा घेतला की ओठांना मीठ लागायचं. सासूबाई म्हणायच्या, "उन्हाळा आहे, घाम येणारच." दोन वर्षांची असताना तिच्या घामाची तपासणी झाली. घामातलं क्लोराइड, म्हणजे मिठातला एक घटक, 60 किंवा त्याहून जास्त आलं की सिस्टिक फायब्रोसिस धरतात, म्हणजे फुफ्फुसात घट्ट कफ साठवणारा आणि पचन बिघडवणारा आनुवंशिक आजार. तिचं 98 होतं. मग धाकट्याचीही केली. त्यालाही तोच आजार निघाला. ज्या जनुकामुळे तो होतो, त्या सीएफटीआर जनुकातले बिघाडही दोघांचे अगदी तेच. एक माझ्याकडून, एक ह्यांच्याकडून.

आजार मात्र सारखा नाही. अन्न पचवणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूल दोघांनाही जेवताना लागतात, दोन्ही डब्यांत वेगळ्या डबीतून देते. पण धाकटा गल्लीत क्रिकेट खेळतो, खोकतो फक्त सर्दी झाली तर. थोरलीला पहाटे साडेपाचला नेब्युलायझर, मग पालथं झोपवून पाठ थोपटायची, शेजारच्यांच्या कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत. यंदा दोनदा ॲडमिट झाली. डॉक्टर म्हणतात, इतर जनुकं असतात, झालेले संसर्ग असतात. असतील. रात्री दोन वाजता ती खोकत असते तेव्हा मला ते उत्तर पुरत नाही.

परवा तिनं विचारलं, "आई, ह्यालाही आहे ना? मग हा का नाही खोकत?"

मी तोंड उघडायच्या आत धाकटा म्हणाला, "मी तुझ्यापेक्षा खारट आहे, चाटून बघ."

तिनं खरंच चाटलं. "ई! आहेस की."