मालकांना सॉफ्टवेअर हवं होतं

मी कारखान्यांना सल्ला देते. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचं, काम माझ्याकडे आलं ते एका वाक्यावर. "आम्हाला ईआरपी घ्यायचंय, कुठलं घ्यावं तेवढं सांगा." ईआरपी म्हणजे कारखान्याचे सगळे व्यवहार एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर. मालकांच्या टेबलावर तीन कंपन्यांची कोटेशनं आलेलीच होती. माल वेळेवर जात नाही, गिऱ्हाइकाच्या तक्रारी वाढल्यात, कुठं काय चाललंय याचा पत्ता लागत नाही. तेव्हा सगळं एकदाचं कॉम्प्युटरवर आणायचं, असा त्यांचा विचार होता.

मी आधी पंधरा दिवस कारखान्यात फिरायला मागितले. ते त्यांना फारसं रुचलं नाही. "मॅडम, गरज काय ते आम्हाला ठाऊक आहे. तुम्ही फक्त वस्तू सुचवा."

नवी होते तेव्हा अशा बोलण्यावर मी मान डोलवायची. एका इंजिनिअरिंग कारखान्याला त्यांनी मागितलं ते बसवून दिलं आणि मोकळी झाले. वर्षभरानं सहज गेले, तर स्टोअरमधला माणूस आधी वहीत लिहीत होता आणि दर शनिवारी बसून वहीतलं सगळं कॉम्प्युटरवर चढवत होता. त्याचं काम मी दुप्पट करून ठेवलं होतं. ते मला अजून बोचतं. एमआयटीतले प्राध्यापक एडगर शाइन यांनी १९६९ मध्येच यावर नेमकं बोट ठेवलं होतं: गिऱ्हाईक सल्ला 'विकत' घेतं, तेव्हा आपलं दुखणं त्यानं स्वतः अचूक ओळखलेलं आहे, हे गृहीत धरलेलं असतं. बहुतेक वेळा ते तसं नसतं, आणि यात त्याचा काही दोष नाही. रोज त्याच जागी वावरणाऱ्याला ती जागा दिसेनाशी होते.

पहिले दोन दिवस वाया गेले. मालकांचा पुतण्या सोबत असायचा, आणि तो असला की सगळे "सगळं बरं चाललंय" एवढंच म्हणायचे. तिसऱ्या दिवसापासून मी एकटी जायला लागले. रिजेक्शनच्या रजिस्टरमध्ये काही सापडलं नाही. आकडे चांगलेच होते. मग भट्टीच्या चार्जशीट काढून बसले. भट्टीत पिग आयर्न किती, स्टील स्क्रॅप किती, फाउंड्री रिटर्न किती, ते दर हीटला, म्हणजे प्रत्येक वितळवणीला, त्यात लिहिलेलं असतं. रिटर्न म्हणजे मुख्यतः रनर-रायझर: साच्यात धातू पोचवणाऱ्या वाटा आणि धातू आकसताना लागतो तो जादा साठा. कास्टिंगपासून, म्हणजे ओतलेल्या नगापासून, तोडून ते पुन्हा वितळवतात. जॉब तेच असतील तर रिटर्नचं प्रमाणही साधारण तेच राहायला हवं. इथं आठ महिन्यांपूर्वी ते एक तृतीयांशाच्या आसपास होतं आणि आता जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. जॉब मात्र तेच.

म्हणून मी रिटर्नच्या ढिगापाशी गेले. ओबडधोबड रनरच्या तुकड्यांमध्ये एक कास्टिंग चकाकत होतं. उचलून पाहिलं. मशिनिंग झालेलं, बोअर, म्हणजे आतली गोल पोकळी, आरशासारखा गुळगुळीत, आणि त्या बोअरच्या आत मोहरीएवढी तीन भोकं. ब्लो होल. धातूच्या कातडीखाली दडलेली ही भोकं फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करताना, दिसत नाहीत, मशिनवर वरचा थर निघाला की उघडी पडतात. म्हणजे हा नग गिऱ्हाइकाकडं जाऊन परत आला होता. तासाभरात तसे आणखी एकोणीस सापडले.

रजिस्टरमध्ये फक्त कारखान्यात पकडलेले नग लिहीत होते. परत आलेला माल गेटमधून थेट ढिगावर जायचा आणि रनर-रायझरबरोबर वितळून नाहीसा व्हायचा. परत केलेल्या मालाचे पैसे कापल्याच्या गिऱ्हाइकाच्या डेबिट नोटा अकाउंट्सच्या फाइलला लागत होत्या. दोन्हींची बेरीज करणं हे कुणाचंच काम नव्हतं.

आता भोकं का? त्यासाठी रात्रपाळी पाहिली. महावितरणच्या टीओडी, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या, दरात तेव्हा रात्री दहा ते सकाळी सहा वीज स्वस्त पडायची, म्हणून त्याच जॉबची नवी ऑर्डर आल्यापासून बरंचसं वितळवणं रात्री हलवलं होतं. निर्णय हिशेबाला बरोबरच होता. पण वाळू तेवढीच आणि ओतकाम जास्त, त्यामुळे ती थंड व्हायच्या आत फिरून वाळू मळायच्या मिलवर येत होती. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्यांच्या या ओलसर वाळूत, बेंटोनाइट ही चिकणमाती असते आणि साधारण तीन-चार टक्के पाणी. गरम वाळूतलं पाणी उडतं, हाताला ती कोरडी लागते, मग मिलवाला वरून पाणी सोडतो. त्या पाण्याची तापलेल्या धातूपाशी वाफ होते आणि बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती धातूतच अडकते.

मिलवरचे मामा मूठभर वाळू माझ्यापुढं धरून म्हणाले, "हात लावून बघा की. चटका बसतोय. पाणी वाढवल्याबिगर साचा धरतच न्हाई." त्यांना हे महिनोन्महिने माहीत होतं. पण रिजेक्शनची बैठक सकाळी साडेदहाला, आणि ते सातला घरी गेलेले. वाळूची लॅबसुद्धा फक्त दिवसपाळीला उघडी, त्यामुळे ओलाव्याचे सगळे रिपोर्ट उत्तम.

अहवालाच्या पहिल्या पानावर मी चार गरजा लिहिल्या. परत आलेल्या मालाचा ढीग वेगळा आणि त्याचं दर आठवड्याला वजन. रात्री वाळूची चाचणी, तापमानासकट. वाळू थंड करायची सोय होईपर्यंत रात्रीचे साचे कमी. आणि बैठक सकाळी सातला, पाळी बदलताना, मिलजवळ. ईआरपीबद्दल शेवटच्या पानावर दोन ओळी: आत्ता घेतलं तर हीच अर्धी माहिती स्क्रीनवर दिसेल, या वह्या सहा महिने नीट चालल्या की मग बघू.

मालक बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, काम गेलं.

पहिल्या शनिवारी वेगळ्या ढिगाचं वजन झालं तेव्हा ते स्वतः काट्यापाशी उभे होते. आकडा त्यांनी आपल्या हातानं वहीत लिहिला, आणि पुतण्याला म्हणाले, "अकाउंट्समधून डेबिट नोटांची फाइल घेऊन ये. सगळी."