सूर्य फ्रेमबाहेर ठेवून पाहिलेलं नाशिक

गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर संध्याकाळ गाठायची तर नोव्हेंबरात साडेचारलाच शहर सोडावं. सहा वाजायच्या आत सूर्य डोंगराआड जातो आणि फोटो काढायचं खरं काम त्याआधीच्या तासाभरात असतं. सावरगाव रस्त्याला लागलं की द्राक्षबागा सुरू होतात. ऑक्टोबर छाटणीनंतरची पालवी या दिवसांत कोवळी असते. तिच्यातून तिरपं ऊन आरपार आलं की पानाची शीर न् शीर उजळते. मी तिथेच उतरलो. बागेत एक काका होते.

"काका, बांधावरून फोटो काढू का?"

"काढा की. पानांना तेवढा हात लावू नका, फवारणी झालीय."

पुढे पाण्याकाठी पोचलो तेव्हा सूर्य त्र्यंबकच्या डोंगररांगेकडे कलला होता. पाणी थोडं मागे सरकलेलं, काठाला ओला गाळ, एक उलटी ठेवलेली होडी. डोळ्यांना केवढा थोरला दिसणारा हा सूर्य आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचा असतो. बरंच रुंद दृश्य टिपणाऱ्या 24 मिमी लेन्समधून कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर (चित्र टिपणाऱ्या चकतीवर) तो पाव मिलिमीटरही भरत नाही, म्हणून फोटोत टिकलीएवढा उरतो. तरी नजर मात्र तो स्वतःकडेच ओढून घेतो. प्रकाशाचं मोजमाप मी सूर्याशेजारच्या आकाशावर घेतलं आणि सगळं रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये, टिपलं. आकाश एकदा पांढरं पडलं की त्यातला रंग परत मिळत नाही. सावल्यांतून मात्र बरंच काही वर काढता येतं.

रात्री लॉजवर लॅपटॉप उघडला. क्रॉप करताना, म्हणजे फोटोच्या कडा कापताना, मी आधी क्षितिज सरळ करतो, कारण पाणी कलंडलेलं दिसलं तर बाकीचं कितीही चांगलं असो, फोटो डोळ्यांत खुपतो. फोटो फिरवला की कोपरे जातात. म्हणून टिपतानाच चारी बाजूंना थोडी जागा सोडलेली बरी. मग वरचं रिकामं आकाश आणि खालचा गाळ काढला. 6000 बाय 4000 पिक्सलच्या फोटोची 6000 बाय 2000 ची आडवी पट्टी झाली. 24 मेगापिक्सलचे 12 उरले, पण 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) छापली तर ती पट्टी अजूनही 20 इंच रुंद येते.

त्यानंतर मी डावीकडची कड आत घेत घेत सूर्यच काढून टाकला, आणि फोटो उभा राहिला! होडीच्या पाठीवरची तांबूस कड, गाळातल्या डबक्यांतलं आकाश, मागे एकामागे एक फिकट होत गेलेले डोंगर. सूर्य होता तोवर यातलं काहीच नीट दिसत नव्हतं. मला तर मनापासून वाटतं की सूर्यास्ताच्या फोटोचा विषय सूर्य नसतो, त्याच्या उजेडाने जे बदलतं ते असतं. द्राक्षबागेच्या फोटोंतही शेवटी पानांची एकच ओळ ठेवली.

दुसऱ्या संध्याकाळी गोदाघाटावर गेलो. रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वाहते आणि पश्चिम काठावर इमारतींची दाटी, त्यामुळे क्षितिज दिसायचा प्रश्नच नाही. पण सूर्याकडे पाठ केली की समोर पंचवटीच्या काठावर 1747 मधलं नारोशंकराचं मंदिर. वसईच्या मोहिमेतून आणलेली ती प्रसिद्ध घंटा इथलीच. काळ्या दगडावरचं कोरीवकाम दुपारी सपाट दिसतं; तिरप्या उन्हात मात्र सावल्या पडतात आणि ते उठून येतं. तिथे फोटो 4:5 मापात, रुंदीपेक्षा उंची थोडी जास्त ठेवून, क्रॉप केला. फलक गेले, तारा गेल्या.

नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीचा फोटो मात्र मी अजिबात कापला नाही. पुराचं पाणी मारुतीच्या कुठवर आलं, यावरून नाशिककर पूर मोजतात. जवळून कापला तर नुसती शेंदरी मूर्ती उरते. पायाशी नदी, पायऱ्या, कपडे वाळत घालणाऱ्या बाया हे सगळं असलं तरच त्या उंचीला अर्थ येतो.

पांडवलेणीच्या डोंगरावरून अंजनेरीचा डोंगर जवळजवळ पश्चिमेला येतो. मावळतीची जागा डिसेंबरात पश्चिमेपासून साधारण 25 अंश दक्षिणेला असते, जूनमध्ये तितकीच उत्तरेला. म्हणजे अंजनेरीच्या आसपास सूर्य मार्चच्या सुरुवातीला यायला हवा. दूरचं जवळ आणणाऱ्या 200 मिमी लेन्सवर तो सेन्सरवर जवळपास दोन मिलिमीटर भरेल. त्या वेळी त्याला फ्रेममध्ये ठेवायचा माझा विचार आहे.