यीवूतला झेंडू

शांघायहून बुलेट ट्रेनने दोन तासांच्या आत यीवूला उतरलो, चीनमधल्या घाऊक बाजाराच्या शहरात. स्टेशनाबाहेर येतोय तोच मामा म्हणाले, "इथल्या व्यापाऱ्यांवर विश्वास म्हणून ठेवायचा नाही हं." हे सांगणारा माणूस अकरा वर्षं दर मार्चला इथेच येतोय. मस्जिद बंदरला त्यांचा सजावटीच्या सामानाचा होलसेल धंदा आहे. २०१९ च्या फेरीत मी हौसेने सोबत गेलो होतो.

बाजार तेव्हा पाच भागांत पसरलेला, सत्तर हजारांवर गाळे. चालून चालून पायाचे तुकडे पडतात. गाळ्यात नुसते नमुने, माल कारखान्यातून परस्पर निंगबो बंदरात. पूर्वी इथले फेरीवाले साखर देऊन कोंबडीची पिसं गोळा करत दारोदार हिंडायचे. आपल्या बोहारणीच म्हणा ना! १९८२ मध्ये त्यांच्या बाजाराला सरकारी परवानगी मिळाली, त्याचं हे झालं.

पहिल्या भागात तळमजल्यावर कृत्रिम फुलं. तिथल्या मालकिणीला मामा 'लाओबान्यांग' म्हणतात, ती त्यांना 'पंग्यौ', म्हणजे मित्र. गाळ्याच्या कोपऱ्यात तिचा मुलगा गृहपाठ करत होता. मामांनी झेंडूचं तोरण मागितलं. तिने तीन नमुने काढले. लांबून तिन्ही सारखेच. हातात घेतल्यावर कळलं: पहिल्याचं फूल गच्च, दुसऱ्याच्या पाकळ्या विरळ, तिसऱ्याचा दोरा ओढला तर तुटेल असा. तिने कॅल्क्युलेटरवर भाव टाकला, मामांनी पुसून निम्मा टाकला. मग तिने अंगठा आणि करंगळी ताणून हात दाखवला. मला वाटलं, फोन करा म्हणतेय. तो सहाचा आकडा होता.

ती चिडली नाही, वाद घातला नाही. मामांनी टाकलेल्या भावाला मान डोलावली आणि पहिलं तोरण उचलून तिसरं पुढे सरकवलं. भाव तुमचा, माल त्या भावाचा. मामांनी तिसऱ्याच्या दोनशे पेट्या सांगितल्या. तीस टक्के आगाऊ, बाकी माल भरण्याआधी.

"उधारी नाही देत?" मी विचारलं. मामा जरा गप्प झाले. मग म्हणाले, आपल्यातले काही जण माल उचलून पैसे बुडवून पळाले, आता भारतीय म्हटलं की आधी रोकडा. २०११-१२ च्या हिवाळ्यात तर थकलेल्या पैशांपायी इथे दोन भारतीयांना डांबून ठेवलं होतं. यीवूत व्यापारच करू नका, असं आपल्या दूतावासाने तेव्हा सांगितलं होतं. म्हणजे अविश्वास दोन्हीकडून. तिचा कॅल्क्युलेटरवर दिसत होता, एवढंच.

आजोळी जुन्नरकडे आमचा खराच झेंडू असतो. ते मी तिथे बोललो नाही.

निघताना तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. २ सप्टेंबरला लाल गोल होता. फोनमधल्या भाषांतराने मराठी नाही, हिंदीत सांगितलं: हत्तीवाले देव यंदा लवकर येणार, जुलैच्या आत जहाज सुटलं पाहिजे.

मामांनी डायरी काढून तारीख ताडून पाहिली.