सेफ मोडमध्येही फोन बंद पडला तेव्हा

मागच्या महिन्यात माझा फोन आपोआप रिस्टार्ट व्हायला लागला, आधी दिवसातून एकदा, मग तासातासाला. चार दिवस मी त्याच्यामागेच होतो, कॅशे साफ कर, अ‍ॅप काढ, अपडेट टाक, रात्री एकेक वाजेपर्यंत व्हिडिओ बघून त्यात सांगतील ते सगळं करून झालं. बहीण पहिल्या दिवसापासून म्हणत होती, "दादा, आधी त्यातले फोटो काढून घे." तेवढं ऐकलं हे फार बरं झालं.

खरं तर अर्धं उत्तर पहिल्या तासातच मिळालं असतं. अँड्रॉइड फोन सेफ मोडमध्ये चालू केला की आपण टाकलेली अ‍ॅप्स चालतच नाहीत. तिथे फोन नीट चालला तर दोष बहुतेक एखाद्या अ‍ॅपचा. माझा तिथेही बंद पडला, म्हणजे गडबड सिस्टीममध्ये नाहीतर हार्डवेअरमध्ये. मग फॅक्टरी रिसेट केला, म्हणजे आतलं सगळं पुसून फोन नव्यासारखा केला, जुनं काहीच परत टाकलं नाही, तरी तेच. इथे आपलं काम संपतं, पुढचं फोन उघडणाऱ्याचं.

पण रिसेट लोक फार लवकर मारतात आणि मला त्याचंच वाईट वाटतं. आजच्या फोनमधला डेटा एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय वाचताच येणार नाही अशा सांकेतिक रूपात असतो आणि त्याची किल्ली त्याच फोनच्या चिपशी बांधलेली असते, रिसेट केला की किल्लीच पुसली जाते, मग रिपेअरवाला कितीही हुशार असो, फोटो परत येत नाहीत. बोर्ड, म्हणजे फोनच्या सगळ्या चिप्स ज्यावर बसवलेल्या असतात ती मुख्य पट्टी, मेला तरी तसंच, मेमरी चिप काढून दुसऱ्या फोनला लावली तर काही वाचता येत नाही. त्यामुळे फोन अधूनमधून का होईना चालू होतोय तोवरच कॉपी करून घ्या, बाकीचे प्रयोग नंतर.

कधीकधी तर बिघाड आपल्या फोनचा नसतोच. मार्च २०२१ मध्ये जीमेलसकट कितीतरी अँड्रॉइड अ‍ॅप्स उघडली की बंद पडत होती, कारण अ‍ॅपच्या आत वेबपेज दाखवणारा वेबव्ह्यू नावाचा भाग बिघडला होता, गूगलने नवीन अपडेट दिलं आणि सगळं सुरळीत झालं. त्या दिवशी ज्याने रिसेट मारला असेल त्याचा डेटा फुकट गेला. म्हणून एखादं अ‍ॅप अचानक बंद पडायला लागलं तर आधी दुसऱ्या कुणाच्या फोनवर तसंच होतंय का विचारा, होत असेल तर थांबा.

आणि मागचं कव्हर फुगलं किंवा स्क्रीन कडेने उचलली गेली तर ती बॅटरी फुगलीये, चार्जिंग लगेच बंद, दाबून बसवायचा प्रयत्न अजिबात करू नका.

माझ्या फोनचा बोर्डच गेला होता. बदलून मिळाला, आतून कोरा. फोटो त्याच संध्याकाळी लॅपटॉपवरून परत टाकले.